क्षमावणीच्या आदल्या पहाटे

अनंत चतुर्दशीचा अभिषेक आटोपून मंदिरातून परतताना दरवर्षी माझी पावले मंदावतात. नातवंडे विचारतात, "आजी, दमलीस का?" उपवासाचा दिवस असतो, म्हणून मी होकार देते. खरे कारण निराळे असते. दशलक्षण पर्व संपलेले असते, क्षमावणीला अजून एक दिवस मध्ये असतो, आणि त्या मधल्या दिवसाचे मला भय वाटते. १९९३ साली चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती आणि क्षमावणी १ ऑक्टोबरला. मधल्या दिवशी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची भूमी हादरली.

त्या पहाटेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आकडे सर्वांना ठाऊक आहेत. मी येथे लिहिते आहे ते आमच्या घरापुरते. पण जे आमच्या घरात घडले, ते कोणत्याही श्रावकाच्या घरात घडू शकेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कराडची शेकोटी

भूकंप म्हणजे काय, हे मला वयाच्या आठव्या वर्षीच कळले होते. आमचे मूळ घर मराठवाड्यातले. पण वडील शिक्षक होते आणि नोकरीनिमित्त आम्ही कराडला राहत होतो. ११ डिसेंबर १९६७ चा दिवस अजून उजाडायचा होता. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती, हे नंतर समजले. मला जाग आली ती आवाजाने. एखादी मालगाडी घराखालून चालली आहे, असा तो आवाज होता. मग अंथरूण हलले. स्वयंपाकघरातील मांडणीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली आणि त्यांच्या आवाजात आईची हाक बुडून गेली. आईने आम्हां चौघांना दंडाला धरून अंगणात आणले, आणि तेथे उभी राहून ती आम्हांला पुन्हा पुन्हा मोजत राहिली. चौघेही तिच्या पुढ्यात होतो, तरी तिची मोजणी थांबत नव्हती.

आधी आवाज आणि मग हेलकावा असे का होते, हे पुढे वडिलांनी समजावून सांगितले. जमिनीच्या पोटात खडक सरकला, की तेथून लहरी निघतात. त्यांतील वेगवान प्राथमिक लहरी आधी पोहोचतात. त्यांचा धक्का हलका असतो आणि गुरगुर ऐकू येते ती बहुधा त्यांचीच. त्यांच्या मागून येणाऱ्या दुय्यम लहरी जमीन आडवीतिडवी हलवतात. घरे पाडतात त्या मुख्यतः या मागच्या लहरी.

त्या पहाटे कोयनानगर जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले. मृतांची संख्या पावणेदोनशेच्या पुढे गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण उभे राहिले. शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर त्या परिसरात लहान धक्के सुरू झालेले होते. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून जगातील अभ्यासक आजही कोयनेचे नाव घेतात.

आम्हां मुलांना मात्र वेगळेच स्मरते. पुढचे कितीतरी दिवस कोणी घरात झोपायला धजत नव्हते. डिसेंबरची थंडी होती. गल्लीतील सगळी माणसे मोकळ्या मैदानात शेकोट्या पेटवून रात्र काढत. आमच्या गल्लीत दोन शेजारी होते. एका सामाईक भिंतीवरून त्यांचे वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. ते दोघे त्या दिवसांत एकाच शेकोटीपाशी बसत, एकमेकांच्या मुलांवर पांघरूण घालत. धक्के कमी झाले, माणसे आपापल्या घरांत परतली, आणि त्या दोघांचे बोलणे पुन्हा बंद झाले. वडील एकदा आईला म्हणाले, "शेकोटीपाशी बसले होते, तेव्हाच मिटवायला हवं होतं." त्या वाक्याचा अर्थ मला सव्वीस वर्षांनी कळायचा होता.

उत्तम त्यागाचा दिवस

विवाहानंतर मी लातूरला आले. गंजगोलाईच्या एका बोळात सासरचे कापडाचे दुकान. पुढे दुकान, मागे घर. मामंजी सचोटीचे म्हणून पेठेत प्रसिद्ध होते. खेड्यापाड्यांतील गिऱ्हाइकांना ते उधारीवर कापड देत. सुगी झाली, की लोक येऊन पैसे चुकते करत. लेखी करार नसे. लाल कापडी बांधणीच्या खातेवहीत नाव आणि रक्कम, एवढाच काय तो कागद.

अशाच गिऱ्हाइकांपैकी एक होते किल्लारीकडचे शेतकरी. गाव किल्लारीच्याही थोडे पलीकडचे, पण आमच्या घरात ते "किल्लारीकडचे भाऊ" म्हणूनच ओळखले जात. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान लहान धक्के बसले होते. भाऊ दुकानात बसून सांगत, "शेटजी, रातच्याला जमीन गुरगुरते आमच्याकडं. भांडी वाजतात." लोक काही दिवस बाहेर झोपले, मग धक्के थांबले आणि माणसे पुन्हा घरांत निजू लागली. मामंजी हसून म्हणत, "भाऊ, जमीन गुरगुरत नसते, पोट गुरगुरतं." भाऊही हसत.

१९९३ च्या दशलक्षण पर्वातील उत्तम त्यागाचा दिवस होता. मामंजींचे एकाशन सुरू होते. दुपारी भाऊ आले. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती, नातू झाला होता. बारशासाठी झबली-टोपड्यांचे कापड आणि लेकीला एक साडी हवी होती. आधीचे ६४० रुपये देणे बाकी होते. त्यांनी कापड निवडले, आणि मग हळूच म्हणाले, "यंदाच्या सुगीला सगळंच देतो, शेटजी."

मामंजींचे काय बिनसले होते, कोण जाणे. दुकानात पाचसहा गिऱ्हाइके होती. त्यांच्यादेखत ते म्हणाले, "मागच्या सुगीचा शब्द अजून आला नाही, भाऊ. नुसत्या शब्दावर कापड फाडत बसलो, तर माझं दुकान उठायचं." कोणीतरी हसले. भाऊंनी उलगडलेले कापड होते तसे घडी केले, गादीवर ठेवले, त्यावरून एकदा हात फिरवला आणि "बरोबर आहे तुमचं," एवढेच म्हणून ते पायऱ्या उतरले. मी आतल्या दारात उभी होते. मी हे पाहिले.

सायंकाळी मंदिरात त्यागधर्मावर प्रवचन झाले. घरी आल्यावर मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सासूबाईंना म्हणाले, "आज माझ्या तोंडून वाईट गेलं. क्षमावणीला त्यांना निरोप धाडतो. कापडही पाठवून देतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गावचा एक माणूस दुकानात आला होता. मामंजी तेव्हा मंदिरात होते. त्याच्या हाती निरोप देता आला असता. कापडाचा गठ्ठा बाजूला काढूनच ठेवला होता. माझ्या मनात ते आले. पण मी विचार केला, क्षमावणी तर आता तीन दिवसांवर आहे. मामंजींना स्वतःच निरोप द्यायचा असेल. आपण कशाला मध्ये पडा? तो माणूस गेला.

३ वाजून ५६ मिनिटे

चतुर्दशीच्या रात्री गणपती विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या. मुले दमून झोपली. सासूबाईंचा निर्जल उपवास होता. सकाळी पारणे व्हायचे होते. घरात त्यांची झोप सर्वांत सावध, पण त्या पहाटे त्यांच्याही आधी मला जाग आली. तोच आवाज होता. सव्वीस वर्षांत मी तो विसरले नव्हते. जमीन हलण्यापूर्वीच मी ओरडले, "भूकंप!"

मग पलंग सरकला. फळीवरचे डबे कोसळले. देव्हाऱ्यातील घंटी आपोआप वाजू लागली आणि दिवे गेले. अंधारात भिंतीतून करकर असा आवाज येत होता. यजमानांनी धाकट्याला उचलले, मी थोरलीचा हात धरला. मामंजी घराच्या मधोमध उभे राहून मोठ्याने णमोकार मंत्र म्हणू लागले. सासूबाईंनी त्यांचे मनगट धरून ओढले आणि म्हणाल्या, "बाहेर चला आधी. मंत्र बाहेरही म्हणता येतो."

सारे मिळून मिनिटभरही गेले नसेल. बाहेर अख्खी गल्ली उभी होती. शेजारच्या शिंप्याने शिवणयंत्र उचलून आणले होते. ते अवजड यंत्र एकट्याने कसे उचलले, हे त्याला पुढे कधीच सांगता आले नाही. कोणी अनवाणी, कोणी अर्ध्या वस्त्रांत. मी मुलांना मोजत होते. दोनच मुले, तरी पुन्हा पुन्हा मोजत होते. आईचे ते मोजणे मला त्या वेळी कळले.

आमच्या घराच्या एका भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. शहरात अशा पुष्कळ भिंती होत्या. फार मोठे काही झाले नाही, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. उजाडल्यावर औशाकडून येणाऱ्या गाड्यांबरोबर बातमी आली. आधी कोणाचा विश्वास बसेना. गावेच्या गावे राहिली नाहीत, असे येणारा प्रत्येक जण सांगत होता. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी अशी नावे कानांवर पडू लागली. मामंजी दुकानाच्या बंद फळ्यांसमोर उभे होते. ते एकाएकी खाली बसले.

त्या दिवशीचे पारणे

सासूबाईंनी चार घोट उकळलेले पाणी घेतले, मुगाच्या कढणाची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. तोवर जखमींना घेऊन ट्रक शहरात येऊ लागले होते. मंदिराच्या आवारात समाजातील बायका जमल्या. कोणी ठरवले नव्हते; ज्या त्या आपले पीठ आणि पोळपाट घेऊन आल्या. भाकऱ्या आणि पिठले, एवढेच करायचे ठरले. दुपार झाली, सायंकाळ झाली, भाकऱ्या पुरत नव्हत्या.

सूर्यास्तानंतर चूल न पेटवण्याचा सासूबाईंचा नियम होता. चाळीस वर्षांत तो मोडलेला नव्हता. अंधार पडल्यावर आम्ही त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "नियम माझा आहे, भूक त्यांची आहे. मी खाणार नाही. प्रायश्चित्त काय ते मी घेईन. तुम्ही तवा उतरवू नका." रात्री दहापर्यंत भाकऱ्या भाजल्या जात होत्या. पुढे त्यांनी महाराजांजवळ प्रायश्चित्त मागितले आणि दिलेले सारे पाळले. पण त्या रात्रीचा पश्चात्ताप झाला, असे मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत.

दुसरा दिवस क्षमावणीचा. मंदिरात त्या वर्षी कार्यक्रम झाला नाही. मामंजी आणि यजमान पांढऱ्या लठ्ठ्याचे तागे ट्रकमध्ये घालून निघाले. पाऊस लागला होता. औसा, लामजना आणि पुढचा सगळा रस्ता गाड्यांनी भरला होता; मदत घेऊन जाणारेही होते आणि नुसते बघायला जाणारेही. भाऊंच्या गावी ते पोहोचले, तेव्हा तेथे गल्ली अशी उरलीच नव्हती. दगडामातीचे ढिगारे आणि त्यांतून वर आलेल्या तुळया. कोणते घर कोणाचे, हे तेथील माणसांनाही एखाद्या झाडावरून ओळखावे लागत होते. चितांना लाकूड पुरत नव्हते. पडलेल्या घरांच्या तुळया आणि दरवाजेच चितांवर रचले जात होते.

भाऊ आणि त्यांची पत्नी दोघेही गेली होती. मुलगा त्या रात्री शेतात राखणीला होता, म्हणून वाचला. लेक आणि तिचे तान्हे मूल मात्र ढिगाऱ्यातून जिवंत निघाले होते. एक तुळई भिंतीला तिरकी टेकून राहिली आणि तिच्याखाली त्यांना जागा मिळाली. त्या दोघांना सोलापूरला रुग्णालयात हलवले होते.

मामंजींनी तागे उतरवून दिले. घरी परत आले, स्नान केले आणि अंधारात बसून राहिले. रात्री सासूबाईंना एवढेच म्हणाले, "क्षमा मागायला गेलो होतो. ऐकायला कोणी नव्हतं."

घरे का पडली

हा भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात आणि अनेकदा मनुष्यहानी फारशी होत नाही. येथे मात्र सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, वेळ झोपेची होती, आणि बहुतेक माणसांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी.

मराठवाड्यातील माळवदाची घरे आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. दोन-अडीच फूट, काही ठिकाणी त्याहूनही रुंद अशा दगडी भिंती, मातीत रचलेल्या. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो. पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर चढवत. जुना थर सहसा कोणी काढत नसे. आजोबांच्या, पणजोबांच्या काळापासूनची माती डोक्यावर साचत गेलेली असे. भिंतीही आतून एकसंध नसत. बाहेरचा एक दगडी पदर, आतला एक पदर आणि मध्ये खडी-माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नसत. जमीन आडवी हलताच हे पदर सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि वरचा सारा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्या घरांत छत भिंतींवर न पेलता लाकडी खांबांवर पेललेले होते, तेथे काही जागा शिल्लक राहिली. कुडाच्या झोपड्यांतील माणसे वाचली आणि चिरेबंदी वाड्यांतील गेली, असेही पुष्कळ ठिकाणी घडले.

दख्खनचा हा प्रदेश प्राचीन, कठीण खडकाचा. येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा समज होता. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. परंतु भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकताना जो ताण निर्माण होतो, तो हिमालयापुरता राहत नाही. दूरच्या जुन्या भेगांमध्येही तो साचत जातो आणि केव्हातरी मोकळा होतो. २००२ साली नकाशा सुधारण्यात आला. पहिला विभाग रद्दच झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. देशात पूर्ण निर्धास्त राहावे असा एकही कोपरा नाही, असाच त्याचा अर्थ.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे बांधली गेली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

वहीतले नाव

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे खातेवही बदलत. जुन्या वहीतील येणे-देणे नव्या वहीत उतरवून घ्यायचे, फिटलेली नावे खोडायची, अशी रीत. १९९३ च्या दिवाळीआधी चार दिवस भाऊंचा मुलगा दुकानात आला. विशीतला असेल. ते लोक तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्याने खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून गादीवर ठेवल्या. "बापाचं देणं होतं ना, शेटजी. सारं नाही आणलं. ऱ्हायलेलं हळूहळू देतो."

मामंजींनी त्या नोटा त्याच्या हातात परत दिल्या. मग त्यांनी पागोटे काढून बाजूला ठेवले, हात जोडले, आणि उत्तम त्यागाच्या दिवशी काय बोललो ते सगळे, एक शब्दही न गाळता, त्या मुलाला सांगितले. दुकानात गिऱ्हाइके होती. गिऱ्हाइकांदेखत बोललो, तर क्षमाही गिऱ्हाइकांदेखत मागावी, असे त्यांना वाटले असावे.

मुलगा गोंधळून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण बाप तर असं काही बोलला नाही. म्हणला, शेटजीकडं यंदा पसंतीचं कापड नव्हतं, पुढच्या बाजाराला आणू."

मामंजींना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अपमान घेऊन घरी गेलेल्या माणसाने अपमान करणाऱ्याला आपल्या घरात कमीपणा येऊ दिला नव्हता. दशलक्षण पर्व आम्ही पाळले होते. क्षमा मात्र त्यांनी, कोणतेही पर्व नसताना, घरी पोहोचण्याआधीच करून टाकली होती.

डोळे पुसून मामंजींनी वही उघडली. रक्कम खोडली. नाव खोडण्यासाठी लेखणी टेकवली, तेवढ्यात मुलाने त्यांचा हात धरला. "शेटजी, नाव नका खोडू. घरात होते नव्हते ते कागद मातीत गेले. बापाचं नाव लिवलेलं आता एवढंच ऱ्हायलंय."

ते नाव मामंजींनी त्या पाडव्याला नव्या वहीत उतरवले. समोर रक्कम काही नाही, नुसते नाव. पुढे जिवंत असेपर्यंत प्रत्येक दिवाळीला त्यांनी ते स्वतःच्या हाताने उतरवले. त्यांच्यानंतर यजमान उतरवू लागले. आता दुकानाचा हिशेब संगणकावर असतो. तरी पाडव्याला एक वही पूजेत मांडतो, आणि तिच्या पहिल्या पानावर ते नाव असते.

बाजूला काढून ठेवलेले कापड शेवटी त्या बाळाला मिळाले. बारसे पत्र्याच्या शेडमध्ये झाले. सासूबाईंनी स्वतः झबली शिवली होती. काही वर्षांनी नवीन गावात आम्ही त्यांच्या घरी गेलो. रस्ते रुंद, घरे एकमेकांपासून लांब आणि सारखी. भाऊंची लेक म्हणाली, "घर चांगलं आहे, वहिनी. पण हाक मारली तर शेजारी ऐकू जात नाही." आणि घर पक्के असूनही ती पावसाळ्याचे दिवस सोडले, तर अंगणातच झोपत होती. तिच्याजवळ मी माझ्या वाट्याचेही सांगून टाकले: निरोप देता आला असता आणि मी दिला नाही. तिने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार? उद्या आहे, असंच समद्यांना वाटतं."

घरोघरी करण्यासारखे

काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पलंगाच्या डोक्याशी जड फळी, तसबीर किंवा कपाट ठेवू नये. उंच कपाटे भिंतीला पक्की जखडावीत. रात्री उशाशी विजेरी आणि पायताण असावे. भूकंपानंतर पहिली जखम बहुधा फुटलेल्या काचेची असते. पक्क्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल, तर जिन्याकडे किंवा उद्वाहकाकडे धावू नये. मजबूत मेजाखाली बसून डोके आणि मान झाकावी, मेजाचा पाय धरून ठेवावा आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडावे. दगडमातीच्या बैठ्या घरात दाराजवळ असाल, तर मोकळ्यावर यावे. भिंती आणि विजेचे खांब यांपासून दूर उभे राहावे. गॅस बंद करावा. खेड्यातील जुने घर, धर्मशाळा किंवा मंदिर दुरुस्त करताना माळवदावरची जुनी माती उतरवावी, भिंतीत आरपार दगड घालावेत आणि दारांच्या वरच्या पातळीवर सर्व भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा. तो खर्च कळसावरच्या खर्चाआधी करावा, असे माझे नम्र मत आहे.

आणि एक गोष्ट घरातील माणसांसाठी. आपण अनित्य भावना वाचतो, अशरण भावना वाचतो, बारा अनुप्रेक्षा पाठ म्हणतो. भूकंपाच्या त्या मिनिटभरात यांतले काहीही आठवत नाही. आठवतात ती माणसे. आपण कोणाला काय बोललो आणि कोणाशी बोलायचे राहिले, एवढेच. क्षमावणी हा वर्षातून एकदा येणारा दिवस आहे, हे खरे. पण माळवदावर दरसाल नवी माती चढवावी, तसे आपण मनातले साठवत वर्ष काढायचे आणि त्या एका दिवशी ते उतरवू असे म्हणायचे, यात मोठा धोका आहे. तो दिवस आपल्याला आणि समोरच्यालाही मिळेल, हे आपण गृहीत धरलेले असते.

आमच्या घरात आता एक रीत पडली आहे. कोणाशी शब्दाला शब्द लागला, तर दिवेलागणीच्या आत त्याला दूरध्वनी करायचा. नातवंडे कुरकुरतात. धाकटा म्हणतो, "आजी, क्षमावणीला करतो ना!" मग मी त्याला वहीचे पहिले पान दाखवते.

या वर्षीही चतुर्दशी आणि क्षमावणी यांच्या मध्ये एक दिवस असेल. ज्याच्याशी बोलायचे राहिले आहे, त्याच्याशी आजच बोलावे, ही विनंती. माझ्या लिहिण्याने कोणाचे मन दुखावले असेल, तर मीही वाट न पाहता आताच म्हणते, उत्तम क्षमा.